धागा: वजन उतरवून साखर ताब्यात आणलेले इंदूरकर कोणी आहेत का?

राजेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी. वय ४७, वजन ८६ किलो, उंची पाच फूट सात इंच. दिवाळीनंतर ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.२ निघाली, उपाशीपोटी साखर १६८. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केली आणि म्हणाले, "दहा-बारा किलो उतरवून या, मग गोळी किती ठेवायची ते बघू. कदाचित लागणारही नाही."

हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. आमच्याकडे वडील, काका, आत्या, सगळ्यांना साखर. लहानपणापासून एवढंच ऐकलंय की गोळी एकदा लागली की सुटत नाही, पुढे इन्सुलिन येतं, त्यापुढे डोळे आणि पाय. वडिलांचं तसंच झालं. त्यामुळे विचारतोय, वजन उतरवल्याने खरंच एवढा फरक पडतो का? कोणाला पडलाय का?

दुसरा प्रश्न आपल्या गावाचा. सकाळी पोहे-जलेबी, चार वाजता चहाबरोबर शेव, पाहुणे आले की रात्री सराफ्याची खाऊगल्ली. आईचं वय ७४, तिने केलेलं नको म्हटलं की ती दिवसभर बोलत नाही. इथे राहून, या घरात राहून कोणी हे केलं असेल तर काय खाल्लं, काय सोडलं आणि किती दिवस टिकलं, ते मोकळेपणाने लिहा. मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस घरात सुरू झालेलाच आहे, तो सल्ला सोडून बाकी सगळं चालेल.

भिया_छप्पन
भिया, सगळ्यात आधी ऑफिसातून घरी जायचा रस्ता बदला. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीवरून गाडी गेली की ती आपोआप थांबते.

कुंदाताई_रामबाग
राजेंद्रनगरकर, मी केलंय आणि टिकवलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मला साखर निघाली तेव्हा वजन ७४ होतं, एचबीएवनसी ७.९. आता वजन ६२-६३च्या मध्ये असतं आणि एचबीएवनसी ५.९ ते ६.२. गेली तीन-चार वर्षं गोळी नाही. ती डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केली, मी मनाने नाही.

पहिली गोष्ट, घरात स्वयंपाकाचा वजनकाटा आणला. तोपर्यंत मला वाटायचं मी फार खातच नाही. काट्यावर कोरडे पोहे ठेवले तेव्हा कळलं, मी एका माणसाचे म्हणून जे भिजवत होते ते ९० ग्रॅम होते. पोह्यांत तीन चतुर्थांश नुसता पिष्ट भाग. वर शेव, वर जलेबी. ग्लुकोमीटरने दोन तासांनी बघितलं तर २४०च्या पुढे.

पोहे सोडले नाहीत. इंदुरात राहून पोहे सोडायचे म्हणजे लोकांत मिसळायचंच सोडायचं. आता ३० ग्रॅम कोरडे पोहे घेते आणि त्यात मोठी वाटीभर वाफवलेली मोडाची मटकी, बारीक कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू, वरून जीरावन मसाला. शेव चिमटीभर, चव म्हणून. याच्यावर दोन तासांनी १४०-१५० येते. पोट जेवणापर्यंत भरलेलं राहतं.

दुपारी आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा उसळ, शेवटी दोन फुलके. भात रविवारी. रात्री साडेसातच्या आत जेवण, त्यात पोळी नाही. मुगाचं धिरडं, पनीर-भाजी, नाहीतर घट्ट वरणाची वाटी आणि पालेभाजी. जेवल्यावर गल्लीत पंधरा मिनिटं चालणं. पाऊस असला तर गच्चीच्या जिन्याखाली.

पहिल्या दोन महिन्यांत वजन भराभरा उतरलं, मग बरेच दिवस काटा हललाच नाही. तेव्हा धीर सुटतो. सोडू नका, तो परत हलतो.

सुदामानगरचा_शरद
कुंदाताईंचं मोजमाप बरोबर आहे, पण सगळ्यांना मोजणं जमत नाही. मी दीक्षित पद्धतीने केलं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांची जी कल्पना घरोघरी पोचवली ती. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही नाही. पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालतो. रोज ४५ मिनिटं चालायचं.

९१ वरून ७८ वर आलो. एचबीएवनसी ७.६ होती, ५.८ झाली. मला यातलं सोपेपण आवडलं. कोणी काही पुढे केलं की "माझी जेवायची वेळ नाही" म्हणायचं, विषय संपला. ऑफिसमधला वाढदिवसाचा केक, शेजारच्यांचा चिवडा, सगळं एका वाक्यात टळतं.

तिलकनगरची_लेक
शरददादा, तुम्हाला मानवलं याचा आनंदच आहे, पण सरसकट सांगू नका. माझ्या सासऱ्यांना ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी चालू होती. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी गोळी तशीच ठेवून दोन जेवणं सुरू केली. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता घामाने निथळत, हात थरथरत, बोलणं अडखळत खुर्चीत बसलेले सापडले. साखर ४८. घरात ग्लुकोमीटर होता म्हणून लगेच कळलं. नाहीतर आम्ही हृदयाचं समजून धावलो असतो. जेवण निम्मं आणि गोळी पूर्ण हे गणित फार धोक्याचं आहे.

सुदामानगरचा_शरद
हे महत्त्वाचं लिहिलंत ताई. मला फक्त मेटफॉर्मिन होती, त्यामुळे हा प्रसंग आला नाही. राजेंद्रनगरकर, हे आधी वाचा, माझं नंतर.

मेघदूत
मी इंदुरातच फिजिशियन आहे. इथे कोणाचीही गोळी ठरवणार नाही, पण धागा चांगला चाललाय म्हणून थोडं लिहितो.

आधी तिलकनगरच्या ताईंचा मुद्दा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन ही औषधं, तुम्ही जेवा न जेवा, साखर खाली ओढतात. आहार कमी करणार असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून डोस कमी करावा लागतो. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका फारसा नसतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर काढणारी औषधं घेणाऱ्यांनी पोळी-भात एकदम बंद करून उपास धरू नये. त्यांच्यात साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात कीटोन्स (चरबी जळून तयार होणारी द्रव्यं) साचून आम्ल वाढू शकतं आणि तो दवाखान्यात भरती होण्याचा प्रकार असतो. वजन उतरलं की रक्तदाबही उतरतो, त्यामुळे ती गोळीही तपासून घ्यावी लागते. साखर ७०च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

आता मूळ प्रश्न, वजनाने एवढा फरक पडतो का? पडतो, आणि का पडतो ते आता बरंच स्पष्ट झालंय. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी २००८ मध्ये मांडलं की वर्षानुवर्षं जास्तीचं खाणं यकृतात चरबी म्हणून साठतं. यकृत हे साखरेचं कोठार. त्यात चरबी भरली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. म्हणून रात्री काही न खाताही सकाळची साखर जास्त येते. जास्तीची चरबी मग स्वादुपिंडातही जाते आणि तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. सुरुवातीच्या वर्षांत त्यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या नसतात, थकलेल्या असतात.

२०११ मध्ये त्यांनी अकरा जणांवर फार कमी कॅलरींचा प्रयोग केला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच सकाळची साखर ताळ्यावर आली, कारण यकृतातली चरबी सगळ्यात आधी उतरते. स्वादुपिंडाला सावरायला आठ आठवडे लागले. मग टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी मोठी चाचणी केली, डायरेक्ट नावाची. तिचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मधुमेह सहा वर्षांच्या आतला आणि इन्सुलिन न घेणारी माणसं. तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींची सूप आणि शेक, मग हळूहळू नेहमीचं जेवण. साखरेची औषधं पहिल्याच दिवशी बंद, पण देखरेखीखाली. वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा ४ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के.

तेव्हा राजेंद्रनगरकर, तुमच्या डॉक्टरांनी उगाच धीर दिलेला नाही. तुमचा मधुमेह नवा आहे आणि उतरवायला वजन आहे. हीच खरी वेळ आहे. वीस वर्षं साखर असलेल्या माणसाला वजन उतरवून फायदा होतोच, पण औषध सुटण्याची शक्यता खूपच कमी असते.

बडोदेकर
बडोद्याहून नमस्कार. डॉक्टरसाहेबांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे वरणातसुद्धा गूळ, त्यामुळे इंदूरकरांनी तक्रार करू नये.

माझा अनुभव असा की गहू बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली की अर्धं काम झालं. गव्हानेच सगळं बिघडलंय.

कुंदाताई_रामबाग
बडोदेकर, याच्याशी मी सहमत नाही. ज्वारी, गहू, दोन्हीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकंच असतात. ज्वारीची साखर थोडी सावकाश चढते, हे खरं. पण माझा फुलका २५ ग्रॅम पिठाचा आणि आमच्या बाईंची थापलेली भाकरी ७० ग्रॅमची. एक भाकरी म्हणजे जवळजवळ तीन फुलके. लोक ज्वारी आहे म्हणून दोन भाकऱ्या खातात आणि मग मला विचारतात, साखर का वाढली. धान्य बदलून वजन उतरत नाही, कमी खाऊन उतरतं.

बडोदेकर
ताई, मी एकच खातो, अर्धी मुलगा पळवतो. पण मुद्दा पटला. पिठाचं वजन मी कधी केलं नव्हतं, उद्या करतो.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. सगळे वजन उतरवा म्हणताय. माझं वजन ६१, उंची पाच फूट सहा, वय ५२. हातपाय काडीसारखे, पोट मात्र पुढे. एचबीएवनसी ७.४. मी काय उतरवू? घरचे म्हणतात खा, अंग धर.

मेघदूत
लष्करवाला, तुमचा प्रश्न आपल्याकडच्या कितीतरी लोकांचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय जगापुढे आणला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही आपली ठेवण. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. तुम्ही बेंबीच्या पातळीवर टेप लावून बघा.

टेलर यांच्याच गटाने पुढे सामान्य वजनाच्या मधुमेहींवर छोटा अभ्यास केला. २० जणांपैकी १४ जणांचा मधुमेह मागे हटला, आणि त्यासाठी सरासरी साडेसहा टक्केच वजन उतरवावं लागलं. तुमच्यासाठी ते चारेक किलो होतात. पण थांबा. आधी दोन गोष्टी तपासा. मधल्या काळात प्रयत्न न करता वजन घटलं का? तहान, लघवी खूप वाढली का? तसं असेल तर हा वेगळ्या जातीचा मधुमेह असू शकतो, ज्यात इन्सुलिनच कमी पडतं, आणि त्यात उपासमार करणं चूक. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी सी-पेप्टाइड नावाची रक्ताची तपासणी असते, तुमच्या डॉक्टरांना विचारा. ती ठीक आली तर कंबर कमी आणि स्नायू जास्त, हे धोरण. म्हणजे प्रथिनं वाढवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला.

लष्करवाला
कंबर ९४ भरली. वजन घटलेलं नाही, उलट वाढलंय. तपासणीचं विचारतो. धन्यवाद डॉक्टर.

पुण्यातली_माहेरवाशीण
माहेर इंदूर, सासर पुणे. विषय सोडून विचारते, इंदूरचे पोहे पचायला हलके का वाटतात? इथले कांदेपोहे खाल्ले की दुपारपर्यंत जड.

भिया_छप्पन
कारण आपले वाफेवरचे! खाली पातेल्यात पाणी उकळतं, वर परातीत पोहे, हळद-मीठ-साखर-बडीशेप लावून ठेवलेले. तेल नावाला. पुण्यात फोडणीत डुंबवतात.

पुण्यातली_माहेरवाशीण
डुंबवत नाहीत हो, पण असो. माहेरच्या बाजूनेच मत देते.

कुंदाताई_रामबाग
तेल कमी म्हणून कॅलरी कमी, हे बरोबर. पण साखर चढते ती पोह्यांनी, तेलाने नाही, हे विसरू नका. आणि मग वरची मूठभर शेव ते सगळं तेल परत आणते.

अवंती_वैशालीनगर
मी या धाग्यावर वेगळ्या बाजूने लिहिते. साखर माझ्या नवऱ्याला आहे, पण वजनकाटा, मोड आणणं, सकाळी साडेसहाला डबा, हे सगळं माझ्याकडे आलंय. सुरुवातीला मी त्यांचं वेगळं, मुलांचं वेगळं आणि सासूबाईंचं उपासाचं वेगळं करत होते. तीन प्रकारचा स्वयंपाक करून मी नोकरीवर जायचे. महिनाभरात माझीच तब्येत बिघडली.

मग घरात बसून बोललो. आता ताट एकच. उसळ, भाजी, कोशिंबीर सगळ्यांना, फुलके आणि भात ज्याने त्याने आपल्या गरजेने घ्यायचे. मोड आणण्याचं काम त्यांचं. कोशिंबीर चिरणं मुलीचं. राजेंद्रनगरकर, तुमच्या पोस्टमध्ये आईचा रुसवा आहे, पण स्वयंपाक कोण करतं ते नाही. तुम्हाला दहा किलो उतरवायचे असतील तर निम्मं स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा. मनापासून सांगते, चिडून नाही.

राजेंद्रनगरकर
अवंतीताई, आई आणि बायको मिळून करतात. तुम्ही म्हणता ते आज रात्री घरात बोलतो.

तिलकनगरची_लेक
आईंच्या रुसव्यावर एक उपाय. त्यांना नको म्हणू नका, काम द्या. आमच्या सासूबाईंना सांगितलं की "तुमच्या हातची मेथीची पातळ भाजी आणि भरलं कारलं रोज हवं." त्या इतक्या खूश झाल्या की लाडू बंद झाल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. माया करायला त्यांना पदार्थ लागतो, तो गोडच पाहिजे असं नाही.

बडोदेकर
उपासाचं काय करता? श्रावणात आणि चतुर्थीला माझी साखर हमखास वाढते.

अवंती_वैशालीनगर
साबुदाणा. त्यात जवळजवळ सगळा पिष्टच असतो, प्रथिनं नावापुरती. वर बटाटा. सराफ्यातली साबुदाणा खिचडी मलाही जीव की प्राण, पण ती उपासाच्या नावावर रोजच्या जेवणापेक्षा जड पडते. आम्ही चतुर्थीला राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर करतो. सासूबाईंनी एकदा साखर मोजून बघितली, तेव्हापासून त्याही हेच खातात.

सुदामानगरचा_शरद
प्रथिनांवरून एक. आपण माळव्यात राहतो, चारी बाजूंना सोयाबीन. देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्या खंडवा रोडवर. पण ते आपल्या ताटात नाही, सगळं तेलाच्या घाण्यात आणि पेंडीत जातं. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त. मी आठवड्यातून दोनदा सोयावडीचा खिमा करतो. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायच्या, मग मिक्सरमध्ये एकदाच फिरवायच्या, म्हणजे तो उग्र वास जातो. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, मटार. शाकाहारी माणसाला पोळी कमी करून पोट भरायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. आख्खं सोयाबीन मात्र कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाऊ नका.

भिया_छप्पन
शरददादा, आमच्या शेतातलं पोतं पाठवून राहिलो, खिम्याचं आमंत्रण पक्कं समजतो.

नवखा_विजयनगर
हे सगळं करण्यापेक्षा आठवड्याला एक इंजेक्शन घ्यावं ना? माझ्या ऑफिसातल्या दोघांनी सुरू केलंय. भराभर उतरतात.

मेघदूत
टिर्झेपेटाइड मार्च २०२५ पासून आपल्याकडे मिळतं, सेमाग्लुटाइडची गोळी त्याच्या आधीपासून आहे, वजनासाठीचं इंजेक्शन जून २०२५ पासून. काम करतात, आणि ज्यांचं वजन खूप जास्त आहे किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना मी स्वतः देतो. त्यात कमीपणाचं काही नाही. पण दोन गोष्टी. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलेलं अभ्यासात दिसलंय, म्हणजे खाण्याची घडी बसवावीच लागते. दुसरं, भूक मेली म्हणून माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. इंजेक्शन चालू असतानाही कुंदाताईंची मटकी लागतेच. दुकानातून परस्पर आणून टोचू नका.

नवखा_विजयनगर
समजलं. मला अजून साखर नाही, सीमेवर आहे, एचबीएवनसी ५.९. मीही काही करायला हवं का?

मेघदूत
नक्की. ५.७ ते ६.४ ही सीमारेषा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की अशा भारतीय लोकांत फक्त खाणं आणि चालणं सुधारून मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिनने साधारण तेवढंच, २६.४. या टप्प्यावर हे सगळ्यात स्वस्तात होतं.

राजेंद्रनगरकर
मंडळी, दोन-तीनदा सगळं वाचलं. वडिलांच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर, असं सारखं मनात येतंय. असो.

माझ्या पहिल्या पोस्टमधला एक प्रश्न अजून राहिलाय. किती टिकतं? दहा किलो उतरवले आणि तीन वर्षांनी परत आले तर?

सुदामानगरचा_शरद
मी सांगतो. कोविडमध्ये फिरणं बंद झालं, घरात दिवसभर काहीतरी तळलं जायचं. पाच किलो परत आलं, एचबीएवनसी ५.८ वरून ६.८. पुन्हा दोन जेवणांवर आलो, फिरणं सुरू केलं, ७९ला थांबलो, एचबीएवनसी ६.० झाली. मी स्वतःसाठी एक रेषा ठरवलीय, काटा ८१ दाखवेल त्या दिवसापासून शिस्त. नव्वदची वाट बघत नाही.

मेघदूत
शरदराव म्हणतात तेच आकडेही सांगतात. डायरेक्ट चाचणीत पहिल्या वर्षी ४६ टक्के होते, दुसऱ्या वर्षी ३६. पाच वर्षांनी आणखी कमी. ज्यांचं वजन परत आलं त्यांची साखर परत आली, ज्यांनी ते रोखलं त्यांची बहुतेक रोखली गेली. म्हणून आम्ही 'बरा झाला' म्हणत नाही. २०२१ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी व्याख्या ठरवली की औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५च्या खाली असेल तर मधुमेह मागे हटला म्हणायचं. त्यानंतरही वर्षातून एकदा तरी एचबीएवनसी, डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि पाय तपासायचेच.

आणखी एक, राजेंद्रनगरकर. डोळ्यांचा पडदा अजून दाखवला नसेल तर वजन उतरवायला लागण्याआधी दाखवा. पडद्यावर आधीच बिघाड असेल आणि साखर एकदम खाली आली तर तो काही काळ वाढू शकतो. नेत्रतज्ज्ञांना माहीत असलं की ते लक्ष ठेवतात. आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. लोह कमी असलं तर एचबीएवनसी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते.

आणि पुढे परत वजन वाढेल या भीतीने आज थांबू नका. जितकी वर्षं साखर ताब्यात राहते तितकी वर्षं डोळे, मूत्रपिंडं, नसा वाचतात. ती वर्षं वाया जात नाहीत.

राजेंद्रनगरकर
ठीक. डोळ्यांची वेळ घेतली, गुरुवारी संध्याकाळी. घरात बोलणं झालं. मोड आणायचं आणि रात्रीची कोशिंबीर करायचं काम माझ्याकडे. आईला तिलकनगरच्या ताईंनी सांगितलं तसं भरल्या कारल्याचं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "गूळ घालू ना थोडा?" चिंच-गुळाशिवाय भरलं कारलं तिला माहीतच नाही. काय सांगू?

तिलकनगरची_लेक
घालू द्या चार जणांत लहान खडा. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं जास्त घालायला सांगा, कडूपणा निम्मा त्यातच जातो.

राजेंद्रनगरकर
आणि कुंदाताई, थंडीत मटकीला मोड येत नाहीत. काल रात्री बांधलेली सकाळी तशीच होती.

कुंदाताई_रामबाग
डिसेंबरात इंदुरात एका रात्रीत येणारच नाहीत. सकाळी कोमट पाण्यात भिजवा, रात्री पाणी पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा आणि डब्यात घालून गव्हाच्या कोठीत किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवा. फडकं सुकलं तर मधे एकदा पाणी शिंपडा. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बोटाच्या पेराएवढे येतील. एकदम आठवड्याची करू नका, आंबूस वास येतो. तीन दिवसांची करून फ्रीजमध्ये ठेवा, आणि उद्या भिजवाल तेव्हा परवाच्या पोह्यांना मूग वापरा, त्याला मोड लवकर येतात.

लष्करवाला
सी-पेप्टाइडला रक्त देऊन आलो. रिपोर्ट शनिवारी मिळेल, इथेच टाकतो. डॉक्टरसाहेब, तोपर्यंत वजनं उचलायला सुरुवात करू का? घरात दोन-दोन किलोचे डंबेल पडून आहेत.

मेघदूत
करा. आधी खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, मग डंबेल. गुडघा दुखला तर थांबा आणि कळवा.